सूचना यंत्रावर लिहिलेली होती

१३ जून १९८५

शाळा उघडली. सकाळी सहाला कुलूप मी काढलं, म्हणजे खरं तर शाळा मीच उघडली. भाषण मात्र मोठ्या बाईंनी केलं.

यंदाची नवलाई म्हणजे आठवीपासून जर्मन. मुलुंडमध्ये, मुलींच्या मराठी शाळेत, जर्मन. एका विश्वस्तांचा मुलगा तिकडे नोकरीला लागला आणि त्याने चाळीस पुस्तकं पाठवली. पुस्तकं आली म्हणून भाषा सुरू झाली. उद्या तो खोगीर पाठवील तर मैदानात घोडा बांधतील, आणि त्याची लीद मी काढीन.

मी ह्या शाळेत शिपाई आहे. कागदावर ‘सेविका’ लिहितात, म्हणजे झाडू हलका होतो.

संस्कृत की जर्मन असा फॉर्म आला. सुलीने संस्कृतवर खूण करून माझ्यापुढे सहीला धरला. मी ती खोडली आणि जर्मनवर केली.

"आई! सगळ्या संस्कृत घेतायत. त्यात मार्क मिळतात."

"मग तू वेगळं घे."

"पण का?"

"मी सांगते म्हणून."

तेरा वर्षांच्या मुलीला ह्यापेक्षा वाईट उत्तर नसतं हे मला ठाऊक आहे. दुसरं उत्तर पत्र्याच्या डब्यात आहे आणि तो डबा कपाटावर आहे.

२० जून

जर्मनचा तास सकाळी पावणेसातला. शिकवायला केळुसकर सर. वय तीस, अंगाने काटकुळे, गाव मालवणकडचं. ‘गुटेन मॉर्गेन’ असं म्हणतात की वाटावं सुरमईचा भाव सांगतायत. एकोणीस मुली आणि एक पुरुष, तेही शाळेत दुसरं कोणी नसताना. मोठ्या बाईंना रात्रभर झोप लागली नसावी. आज मला बोलावून म्हणाल्या, "वनमालाबाई, तुम्ही मागच्या बाकावर बसत जा."

"बसून काय करू?"

"काही नाही. फक्त बसा."

पगार वाढणार नाही हे त्यांनी न विचारता सांगितलं.

आजपासून मी मागच्या बाकावर बसते आणि देवळासाठी वाती वळते. पहिल्या दिवशी एकवीस वाती झाल्या. माझं शिक्षण गावच्या शाळेत तिसरीपर्यंत. पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर. हळद संपली की कागद वाचायचा, असं करत करत वाचनालयापर्यंत आले. पण पुड्यांवर जर्मन कधी नव्हतं.

२ जुलै

केळुसकर सरांना कागद दाखवायचा रोज ठरवते. काल ते घाईत होते. परवा त्यांचा घसा बसला होता. आज घसा बरा होता आणि घाईही नव्हती, पण नवा शर्ट घालून आले होते. नव्या शर्टातल्या माणसाला असलं काही कशाला दाखवा.

कागद काय ते इथे लिहून ठेवते. डायरीला तोंड नाही, हे बरं आहे. दिली मेडिकलवाल्याने, पानापानावर खोकल्याच्या औषधाची जाहिरात आहे, तेवढी सोसायची.

हे रबराच्या कारखान्यात होते. १९८१च्या फेब्रुवारीत रोलर साफ करताना हात आत गेला, आठव्या दिवशी हे गेले. दहावं झाल्यावर ह्यांचा डबा आणि चपला आणायला गेले. सुलीला शाळेतून घेऊन तशीच गेले होते. तिला गेटवर बसवलं आणि दप्तर माझ्या हातातच राहिलं. साहेब चांगला माणूस होता, खुर्ची दिली. म्हणाला, "बाई, सूचना यंत्रावर लिहिलेली होती. त्यांनी पाळली नाही. आम्ही तरी काय करणार?"

मी म्हटलं, "दाखवा."

दाखवली. पितळेची पट्टी, वर उठावाची अक्षरं.

"कुठली भाषा?"

"मशीन जर्मन आहे. जर्मनच असणार," साहेब म्हणाला. ‘असणार’ म्हणाला.

मला ती अक्षरं उतरवता येईनात. मग दप्तरातला चित्रकलेचा कागद काढला, पट्टीवर धरला आणि पेन्सिल आडवी घासली. मुलं नाण्यावर करतात तसं. दोन ओळी छान उठल्या. तिसरीला वॉचमनने "चला बाई" म्हणून हात धरला आणि ती फराटली.

ह्यांनी काय पाळलं नाही, ते त्या कागदावर आहे. परक्याने वाचण्यापेक्षा ज्याचा बाप त्याने वाचावं, एवढंच माझं म्हणणं. भीती वगैरे काही नाही.

१९ ऑगस्ट

चाचणीत सुलीला पंचवीसपैकी सहा. घरी येऊन पुस्तक आपटलं. "ह्या भाषेत टेबल पुरुष आहे आणि दिवा बाई आहे! ह्यांना वेड लागलंय का?"

मी तांदूळ निवडत होते. म्हटलं, "आपल्याकडे दिवा तो, पणती ती आणि निरांजन ते. आपल्याला कधी लागलं?"

ती म्हणाली, "तुला गं कसं सुचलं?"

मागच्या बाकावर बसून सुचतं. पुढच्या बाकावर मार्क असतात.

आजपासून नियम केला. मी तांदूळ निवडीन तोवर तिने मोठ्याने पाठ करायचं. खडे नसले तरी मी सावकाश निवडते.

३ नोव्हेंबर

दिवाळीची साफसफाई. टेबल फॅन पुसायचा म्हणजे अर्धा दिवस गेला. जाळीचा एक चाप सहा वर्षांपूर्वी तुटला, तेव्हा दुकानदार म्हणाला, "जाळीवाचून चालवा, वारा जास्त लागेल." ह्यांनी तीन दिवस फॅन बंद ठेवला, घामाघूम झोपलो, आणि चौथ्या दिवशी तांब्याची तार आणून जाळी अशी बांधली की ती सोडवताना माझी नखं तुटतात.

सुलीला म्हटलं, आटप लवकर. ही बटण बंद करून समोर उभी. पाती फिरतायत आणि ही बघत बसली आहे.

"काय गं, आरती करतेस का?"

"एक, दोन, तीन," तिने मोजलं आणि मग हात घातला. बापाची सवय. ‘पाती मोजता आली की मग हात,’ असं हे दहा वेळा सांगायचे. फॅनजवळ, मोरीतल्या पंपाजवळ, जत्रेत पाळण्याजवळसुद्धा. एवढा शहाणा माणूस घरात.

लिहिता लिहिता काहीतरी सुचत होतं, पण दूध उतू गेलं.

१३ नोव्हेंबर

पाडव्याला धोंडिराम भाऊजी आले. ह्यांच्याबरोबर त्याच रोलरवर होते, अजून आहेत. दर पाडव्याला मिठाईचा पुडा घेऊन येतात आणि दारातच उभे राहतात.

"बसा भाऊजी."

"नको वयनी. बसूक येळ नाय."

सुटीच्या दिवशी ह्या माणसाला कसली घाई असते देव जाणे. कांजूरमार्गाहून इथवर यायचं, पुडा द्यायचा आणि जिना उतरायचा. आमच्या खुर्चीत त्यांना काटे दिसतात बहुतेक. सुलीने विचारलं, "काका, तुमच्या मशीनवर जर्मन लिहिलंय ना? मी शिकतेय." तर चेहरा असा झाला की मिठाई त्यांनाच परत द्यावीशी वाटली.

वर्गात आता अकरा मुली उरल्या. आठ जणींच्या आयांनी अर्ज दिले: "मुलीची प्रकृती नाजूक आहे." जर्मन न झेपणं हा आजार आहे हे मला नव्याने कळलं.

९ फेब्रुवारी १९८६

पाच वर्षं झाली. घास ठेवला. कावळा लगेच आला, त्यालाही कुठेतरी जायचं असणार.

संध्याकाळी शाळेतून आले तर कपाटावरचा डबा उलट्या बाजूने ठेवलेला. सुलीला विचारलं तर म्हणे, धूळ पुसली. ह्या मुलीने आजवर न सांगता धूळ पुसल्याचं मला आठवत नाही. बापाची आठवण आली असेल, फोटो काढून बघितला असेल. डबा पुन्हा सरळ केला.

१८ फेब्रुवारी

सरांनी सुलीला स्वतःचा जाडा शब्दकोश घरी न्यायला दिला. पिशवीत धरून अशी आणली की आत बाळ आहे. मोठ्या बाईंना कळलं असतं तर माझ्या शेजारी आणखी एक सेविका बसवली असती.

१ मार्च

सुलीचं काय बिनसलंय कळत नाही. डोळे लाल. विचारलं तर म्हणे, डोळे आलेत. डोळे आलेल्या मुलीने काल माझ्यासाठी पाणी तापवलं, पाय चेपले, आणि "आई, तू दमतेस गं" असं म्हणाली. सहलीला जायचं असेल. किंवा परीक्षेत दांडी उडणार असेल आणि आधीपासून लाच चालली असेल.

केळुसकर सरही विचित्र. आज तास संपल्यावर माझ्याजवळ येऊन उभे राहिले, वातींकडे बघितलं आणि म्हणाले, "वनमालाबाई, तुम्ही चहा घेता ना?"

घेते म्हटलं. पुढे काही बोललेच नाहीत. चहाही नाही.

३० एप्रिल

निकाल. जर्मनमध्ये शंभरपैकी त्र्याहत्तर, वर्गात पहिली. सहापासून सुरू केलेली मुलगी. मी पेढे आणले. सुलीने पेढा हातात धरला आणि म्हणाली, "आई, मी पुढच्या वर्षी जर्मन सोडणार."

मी पेढा परत डब्यात ठेवला.

१६ जून

दीड महिना एकच भांडण. आज कळस झाला.

"कारण सांग."

"तू घ्यायला लावलंस तेव्हा कुठे सांगितलंस?"

"मोठी झालीस हं. जीभ चांगली सुटलीय. जर्मनचा फायदा."

"सोडायचंय मला, बस्स!"

"पहिला नंबर आला म्हणून सोडायचं? नापास झाली असतीस तर समजले असते."

ह्यावर ती रडली. मी कणीक मळत राहिले, म्हणून पोळ्या फार मऊ झाल्या.

नववीच्या जर्मनला सहाच मुली राहिल्या आहेत. मोठ्या बाईंनी सांगून ठेवलंय, सहाच्या खाली गेल्या तर वर्ग बंद आणि केळुसकर सरही बंद. म्हणजे ह्या एका पोरीच्या हट्टावर एक माणूस रोजगाराला मुकणार. मी तिला हे सांगितलं. धमकी म्हणूनच सांगितलं, उगाच खोटं कशाला लिहू. म्हणाली, "मी दिवाळीपर्यंत बसते. सरांसाठी. पण घरी पाठ करणार नाही."

आता माझे तांदूळ पाच मिनिटांत निवडून होतात. एवढे स्वच्छ तांदूळ ह्या दुकानात मिळतात हे वर्षभर लक्षात आलं नव्हतं.

८ जुलै

पुस्तकं पाठवणारा विश्वस्तांचा मुलगा सुटीवर आलाय. तो शाळा बघायला येणार म्हणून सरांनी मुलींकडून पुठ्ठ्याच्या जर्मन पाट्या करून घेतल्या. दारावर दार, खिडकीवर खिडकी. जर्मनीहून आलेल्या माणसाला आपल्याकडची खिडकी ओळखता येणार नाही असं वाटलं असावं. मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर लावायची पाटी माझ्याकडे दिली. बिटे वार्टेन. कृपया थांबा. ‘वार्टेन’ मला चांगलं ठाऊक आहे, उशिरा येणाऱ्या मुलींवर सर दारातून हाच शब्द ओरडतात. पण लिहिलेला असा मोठ्या सुट्या अक्षरांत कधी पाहिला नव्हता.

पाहुणा तीन तास उशिरा आला. मी त्या पाटीखाली स्टुलावर बसून होते. ‘वार्टेन’ची सहा अक्षरं तीन तास बघितली.

९ जुलै

ती सहा अक्षरं मी आधी पाहिली आहेत.

सुली शिकवणीला गेल्यावर डबा काढला. कागदावर दुसऱ्या ओळीच्या शेवटी तीच सहा अक्षरं, त्याच क्रमाने, आधी आणखी दोन चिकटलेली. पण वार्टेन आहेच. थांबा.

बाकीचं लागेना. सुलीची मागच्या वर्षीची वही घेतली, म्हटलं शब्द सापडतील. शेवटच्या पानावर काहीतरी लिहून खोडरबराने पुसलेलं होतं. सुलीला पेन्सिल दाबून लिहायची सवय, पुसलं तरी खळगे राहतात. मी पेन्सिल आडवी धरली आणि पानावर घासली. पाच वर्षांत हा एक धंदा मला चांगला येतो.

पांढरी अक्षरं उठली.

‘साफ करण्याआधी यंत्र बंद करावे. रोलर पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी. तिसरी ओळ लागत नाही.’

खाली तारीख होती, २६ फेब्रुवारी. त्याखाली: ‘आईला सांगायचं नाही.’

डोळे आले होते म्हणे.

९ जुलै, पुन्हा

सुली आली तेव्हा वही टेबलावर उघडी होती. तिने दप्तर न ठेवताच विचारलं, "वाचलंस?"

"अर्धं मी वाचलं. अर्धं तू."

"साहेब बरोबर बोलला होता ना गं? लिहिलेलं होतं. बाबांनी मशीन थांबवली नाही." ती डोळे पुसायला लागली. "मला वाटलं, मी शिकत राहिले तर तू एक दिवस कागद काढशील आणि म्हणशील, वाच. मला तुझ्यासमोर हे वाचायचं नव्हतं."

मला वाटत होतं मुलीला सहलीला जायचंय.

मी म्हटलं, "फॅन बंद कर."

"काय?"

"कर."

तिने बटण बंद केलं. दोघी बघत राहिलो. पाती दिसायला लागेपर्यंत बराच वेळ जातो, एरवी लक्षात येत नाही. एक, दोन, तीन.

"पट्टीवर ह्याहून वेगळं काय लिहिलंय?" मी विचारलं.

ती डोळे पुसायची थांबली. "हेच लिहिलंय."

"मग जर्मन येत असतं तरी ह्यांना नवीन काय कळलं असतं?"

पाच वर्षं मी समजत होते की ह्यांना वाचता आलं असतं तर हे वाचले असते. म्हणून तर मुलीच्या मानेवर हे जू दिलं. आणि हा माणूस तीच ओळ रोज घरात बोलत होता, मराठीत, फुकट.

मग त्या दिवशी हात का घातला? हे पट्टीवर नाही. हे धोंडिराम भाऊजींच्या पोटात आहे.

३ ऑगस्ट

पाडव्याची वाट बघितली नाही. सुलीला घेऊन कांजूरमार्गाला त्यांच्या खोलीवर गेले. मिठाईचा पुडा नेला आणि दारातच उभी राहिले.

"वयनी? आत येवा."

"नको. बसायला वेळ नाही."

त्यांना कळलं. मान खाली गेली. बायकोला पाणी आणायला पाठवलं.

मी म्हटलं, "भाऊजी, मशीन थांबवल्याशिवाय हात घालणाऱ्यातले हे नव्हते. त्या दिवशी काय झालं?"

"त्या दिसाचा काय घेऊन बसलास?" भाऊजी म्हणाले. "रोजचाच होता. रोलर बंद केलो की गार होता, मगे तापाक तासभर. सायब बंद करूक देय नाय. सगळेच चालत्या रोलरात साफ करू. दादू एकटो भांडा. म्हणा, बंद करतलंय. तीन येळा त्येचो खाडो लावलो. चौथ्या येळी त्येना बंद नाय केल्यान."

दादू म्हणजे हे.

तीन वेळा खाडे लागल्याचं मला घरी कधी सांगितलं नाही. ‘ह्या महिन्यात पगार कमी का?’ म्हणून मीच तोंड सोडलं होतं. ते भांडण मला शब्दन् शब्द आठवतं. बोलत मीच होते.

"आणि सरकारी चौकशीत?"

"कागद विंग्रजीत होतो. ‘सूचना होती काय?’ इचारल्यानी. होती म्हटलंय. मिया सही केलंय, वयनी." ते भिंतीकडे बघत बोलत होते. "पोरां ल्हान होती."

मला राग यायला हवा होता. येतोय का बघत थोडी थांबले. माझी पोर तेव्हा गेटवर दप्तराशिवाय बसली होती, तीही लहानच होती. पण हा माणूस पाच वर्षं पाच पुडे घेऊन माझा जिना चढलाय, आणि दर वेळी न बसता उतरलाय.

सुलीने दप्तरातून एक कागद आणि पेन्सिल काढली. "काका, तिसरी ओळ नीट आलेली नाही. पट्टी अजून आहे ना?"

"हा."

"कागद वर धरायचा आणि पेन्सिल आडवी. हलवायचा नाही."

भाऊजींनी तो कागद प्रसादासारखा दोन्ही हातांनी घेतला.

२४ ऑगस्ट

तीन आठवडे झाले, भाऊजींचा पत्ता नाही. घाबरले असणार. त्यांना अजून सात वर्षं नोकरी आहे. आपण तरी काय केलं असतं.

सुली मात्र सकाळी न उठवता उठते. परवा न सांगता मोठ्याने पाठ करायला लागली. मी घाईघाईने तांदळाचं ताट घेतलं.

१४ सप्टेंबर

गौरी-गणपती उरकले. दुपारी दारात धोंडिराम भाऊजी. जेवणाचा डबा हातात, पाडवा नाही की काही नाही. डबा उघडला, भाकरीखाली रुमाल, रुमालात कागद. तीनही ओळी अशा उठल्या होत्या की छापखान्याने मान खाली घालावी.

"बसा भाऊजी."

बसले. पाच वर्षांत पहिल्यांदा. खुर्चीच्या अगदी टोकावर, पण बसले.

सुली शब्दकोश घेऊन खाली बसली. सरांनी तो अजून परत मागितलेला नाही. एक शब्द लांबलचक होता, तो कोशात सापडेना. तिने तो मधोमध तोडला, दोन तुकडे वेगवेगळे शोधले, पुन्हा जोडले. वर्षापूर्वी हीच मुलगी ‘दिवा बाई आहे’ म्हणून पुस्तक आपटत होती. भाऊजी तिच्या बोटाकडे असे बघत होते की जणू ती त्यांची पत्रिका वाचतेय.

"संरक्षक जाळी," ती म्हणाली. मग हळूहळू, एकेक शब्द करत: "संरक्षक जाळी बसवल्याशिवाय यंत्र चालवू नये."

फॅन चालू होता.

"भाऊजी, जाळी होती?"

"गोडावनात. आमी लागलो त्येच्या आदीपासून." मग म्हणाले, "अजून थयच हा. जाळी लावलेली असली तर हात जाऊकच नाय आत."

साहेबाने खरं तेच सांगितलं होतं. सूचना यंत्रावर लिहिलेली होती. कोणासाठी लिहिली होती, ते साहेबालाही वाचता येत नव्हतं.

सुलीने विचारलं, "काका, हे तुम्ही सांगाल? सरकारी कचेरीत?"

भाऊजींनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली, प्यायले. "ह्या येळी कागद मराठीत लिवा. मिया वाचून सही करतलंय."

१८ सप्टेंबर

जाळीवरची तार गंजली होती, बदलली. सुलीने बांधली. गाठ अगदी ह्यांच्यासारखी, म्हणजे माझी नखं आता आणखी पाच वर्षं तुटणार.

१९ नोव्हेंबर

सरकारी कचेरीत गेलो. मी, सुली आणि खाडा लावून भाऊजी. चौकशी पुन्हा करा म्हणून माझा अर्ज पाच पानांचा, सोबत कागदाची घासलेली प्रत, खाली सुलीचं भाषांतर, शेवटी भाऊजींचं म्हणणं. टेबलामागच्या कारकुनाने चष्मा वर केला, खाली केला.

"पाच वर्षांपूर्वीची केस. फाइल बंद आहे."

"उघडा," मी म्हटलं. "कुलूप असेल तर द्या, मला सवय आहे."

त्याने भाषांतराचं पान वेगळं केलं. "हे कोणी केलं?"

"मी," सुली म्हणाली.

"आपण कोण?"

"नववी क."

शेजारच्या टेबलावरचे हसले. कारकून हसला नाही, तेवढा बरा होता. म्हणाला, "बेटा, हे चालत नाही. मान्यताप्राप्त माणसाचं लागतं, शिक्का लागतो. ते आणा, मग साहेबांपुढे ठेवतो. अर्ज ठेवून घेतो." आणि खरंच पोच दिली.

केळुसकर सरांना दुसऱ्या दिवशी विचारायचं होतं, पण कचेरीत काय झालं ते ऐकायला ते संध्याकाळीच घरी आले, नव्या शर्टात. म्हणाले, फोर्टात ओळखीचे एक गृहस्थ आहेत, शिक्का देतात, आठवड्यात काम होईल. मी चहा दिला. मार्चपासूनचा राहिलेला.

सुली म्हणाली, "सर, मान्यताप्राप्त व्हायला किती वर्षं लागतात?"

"दहावी, मग पुढच्या परीक्षा… सहा तरी. सात धर."

"आणि मी सोडलं तर वर्ग बंद होणार ना?"

"दिवाळी होऊन गेली सुलक्षणा," सर म्हणाले. "तू दिवाळीपर्यंतच म्हणाली होतीस. तू सांगितलं नाहीस, म्हणून मीही विचारलं नाही."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी ताट घेऊन बसले होते. गेल्या वर्षी मी तिच्या हातून फॉर्म घेतला आणि खूण खोडली, ह्या वेळी काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. तोंड बंद ठेवणं जर्मनहून अवघड आहे.

"फोर्टातल्यांचा शिक्का आणा, सर," ती म्हणाली. "अर्ज अडायला नको. पण ते पान वर लावायचं. माझं खाली राहू दे. सात वर्षांनी मी त्यावर माझा शिक्का मारीन."

"सात वर्षं थांबशील?" मी विचारलं.

"आपल्या घरात थांबतात," सुली म्हणाली.

सर उद्या पावणेसातला नवा धडा घेणार आहेत. वाती संपल्या आहेत, कापूस आणायला हवा. का कोण जाणे, वहीही एक जास्तीची आणावी म्हणते.